क्रूझचा कालन्याला अर्ध्या दिवसाचा थांबा आहे, आई-बाबांना घेऊन काय काय बघता येईल?

शिवाजीपेठकर

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातनं कुणी हुगळीवरची क्रूझ केली असेल तर जरा सांगा. जानेवारीत आई-बाबांना घेऊन जायचं ठरलंय, पुण्यातनं फ्लाइटनं कोलकाता आणि तिथनं बोटीनं वर वर मुर्शिदाबादपर्यंत. वाटेत चंदननगर, कालना, मायापूर, मटियारी, प्लासी असे थांबे आहेत. बाकीच्या गावांबद्दल नेटवर भरपूर सापडतंय, मायापूरला तर आपल्याकडचे ढीगभर लोक जाऊन आलेत, पण कालना म्हणजे नक्की काय हे आमच्या घरात कुणालाच माहीत नाही. बोट सकाळी लागणार आणि दुपारच्या जेवणाला परत बोटीवर यायचं, म्हणजे हातात तीनेक तास.

बाबा हायस्कूलला इतिहास शिकवायचे, रिटायर झालेत, त्यांना सगळंच बघायचंय, आणि बंगालात मराठे कुठवर पोचलेले ह्यावर त्यांचं आत्तापासनं वाचन चालू झालंय. आईचा गुडघा दुखतो, पायऱ्या चढते पण हळू, आणि खाली बसता येत नाही. गावाचं पूर्ण नाव अंबिका कालना आहे हे कळल्यापासनं तिचं एकच चाललंय, तिथली अंबिका म्हणजे आपली अंबाबाईच का आणि ओटी भरता येईल का. मला कळंना की ग्रुपबरोबर गाइड घेऊन जावं की आपली आपण रिक्षा करावी. बोटवाले म्हणतात गावातली टूर तिकिटातच आहे. मी लिस्टमध्ये आठ-नऊ ठिकाणं काढलीत, हातमागाची गावं पण जवळच आहेत म्हणे. किती बसेल तीन तासांत?

खिद्रापूरची_वाट

दादा, ती आठ-नऊची लिस्ट आधी बाजूला ठेवा. कालन्यात दोनच आवारं बघा, ती पण समोरासमोर आहेत, मधे फक्त रस्ता. एका बाजूला नवकैलास म्हणजे १०८ शिवमंदिरं आणि दुसऱ्या बाजूला राजबाडीचं म्हणजे राजवाड्याचं आवार. एवढ्यातच तीन तास कमी पडतात, हे मी मनापासनं सांगते.

नवकैलास बर्धमानच्या महाराजा तेजचंद्रांनी १८०९ ला बांधलं. छोटी छोटी देवळं, एकाला एक लागून, दोन गोल कड्यांत उभी आहेत. बाहेरच्या कड्यात ७४ आणि आतल्यात ३४. बाहेरच्या देवळांत एक पिंड काळी, एक पांढरी अशी आलटून पालटून, आणि आतल्या कड्यात सगळ्या पांढऱ्या. नेटवर जे फोटो आहेत ते सगळे ड्रोनचे, वरनं रांगोळी काढल्यासारखं दिसतं, तसलं काही जमिनीवरनं दिसणार नाही. जमिनीवर वेगळीच मजा आहे. बाहेरच्या कड्यानं चालायला लागलात की गोलाईमुळं पुढची चार-पाच दारंच दिसतात, मागची वळणाआड जातात, आणि काळी-पांढरी-काळी-पांढरी करत आपण कुठनं सुरुवात केली हे पण कळत नाही. मग आतल्या कड्यात जायचं आणि अगदी मधे, जिथं मोठी विहीर आहे, तिथं उभं राहायचं. तिथनं मात्र चारी बाजूंनी दारंच दारं. ग्रुपवाले काय करतात, गेटातनं आत, एक फोटो, आतल्या कड्यात दुसरा फोटो, चला बाहेर. तसं करू नका. आईंना पण जमेल, सपाट आहे सगळं.

आता समोरचं आवार. आत गेल्या गेल्या प्रतापेश्वर मंदिर, १८४९ चं. उंच चौथऱ्यावर एकच उभं शिखर, आणि भिंतीवर वरपासनं खालपर्यंत भाजलेल्या मातीच्या पाट्या, इंच न् इंच भरलेला. राम, दुर्गा, कृष्णाच्या लीला, सगळं. आम्ही खिद्रापूरला कोपेश्वर बघत बघत मोठे झालो, त्यामुळं देवळावरचं काम म्हटलं की दगडच डोळ्यासमोर येतो, पण बंगालच्या त्या सगळ्या भागात दगडच नाही हो, नद्यांनी आणून टाकलेला गाळ नुसता. म्हणून तिथल्या कारागिरानं ओल्या मातीच्या पाटीवर चित्र काढलं, ती भट्टीत भाजली आणि एकेक करून विटेच्या भिंतीत बसवली. एवढं डोक्यात ठेवून बघितलं की मग पाट्यांमधले सांधे दिसायला लागतात, एकच प्रसंग तीन पाट्यांवर कसा वाटून घेतलाय ते दिसतं. आणि खालच्या पट्ट्या सोडू नका. बंगालच्या ह्या टेराकोटा देवळांवर देवादिकांबरोबर साध्या माणसांचं आयुष्य पण असतं, पालख्या, शिकारी, होड्या, बंदुकवाले साहेब, आणि ते बरेचदा खाली, डोळ्यांच्या उंचीच्या पण खाली असतं, म्हणून लोक न बघता पुढं जातात. आईंना चौथरा चढायची पण गरज नाही, खाली उभं राहून भरपूर दिसतं.

त्याच आवारात पुढं रासमंच आहे, आणि मग लालजी मंदिर, १७३९ चं. ह्याला २५ शिखरं! खालच्या मजल्यावर १२, त्याच्या वर ८, त्याच्या वर ४ आणि सगळ्यात वर १. असली २५ शिखरांची देवळं सगळ्या बंगालात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यातली ३ एकट्या कालन्यात. लालजीच्याच कुंपणात गिरिगोवर्धन म्हणून एक छोटं देऊळ आहे, त्याचं छप्परच डोंगरासारखं केलंय, खडक, जनावरं, माणसं सगळं वर. गाइड बहुतेक ते दाखवत नाहीत, तुम्ही विचारा.

ग्रुपचं म्हणाल तर, नवकैलासपर्यंत ग्रुपबरोबर जावा, रिक्षाची कटकट वाचते. मग ते बाजाराकडं वळले की गाइडला सांगून तुम्ही थांबा. परत यायला टोटो मिळते, म्हणजे आपली बॅटरीवाली रिक्षा. फक्त बोट किती वाजता सुटणार हे बोटीवरच्या माणसाकडनं पक्कं करून घ्या आणि गाइडचा नंबर घेऊन ठेवा.

पाटबंधारे_निवृत्त

वरच्या ताईंनी देवळांचं मस्त सांगितलंय, मी फक्त नदीचं सांगतो, कारण तुमच्या आईंच्या गुडघ्याचा खरा प्रश्न देवळात नाही, बोटीतनं उतरताना आहे.

आपण पंचगंगा बघितलेली माणसं. आपल्याकडं पाणी पावसाळ्यात चढतं आणि मग वर्षभर घाटाच्या पायऱ्या मोकळ्या. हुगळीला भरती-ओहोटी आहे, आणि ती समुद्रापासनं आत पार नवद्वीपपर्यंत जाणवते. कालना नवद्वीपच्या खाली, म्हणजे तिथं दिवसातनं दोनदा पाणी चढणार आणि दोनदा उतरणार. सकाळी तुम्ही उतरला तेव्हा फळी सरळ असेल आणि दुपारी परत येताना तीच फळी तिरकी झालेली असेल, आणि मधल्या वेळात पाणी उतरून काठावर ओला चिखल उघडा पडलेला असेल. घाबरायचं कारण नाही, बोटीवरची पोरं हात धरून नेतात, त्यांना सवय असते. पण आधी सांगून ठेवा की एकजण आईच्या पुढं आणि एकजण मागं पाहिजे. चप्पल नको, मागं पट्टा असलेलं काहीतरी घाला. काठी असेल तर घ्याच.

दुसरं म्हणजे जानेवारी. थंडी छान असते पण सकाळचं धुकं दाट पडतं आणि दिसत नसलं की बोट हलवत नाहीत. त्यामुळं सकाळचा थांबा तास-दोन तास पुढं सरकू शकतो, त्यात तुमचे तीन तास दोनावर येतील. म्हणून ताई म्हणतात तेच बरोबर, लिस्ट छोटी ठेवा.

बाबांना अजून एक सांगा, त्यांना आवडेल. ही नदी म्हणजे गंगेचा जुना फाटा, भागीरथी. गंगेचं मुख्य पाणी पद्मेकडं वळलं आणि हा फाटा गाळानं भरत चालला, कोलकात्याचं बंदर धोक्यात आलं. म्हणून फरक्याला बॅरेज बांधलं, १९७५ ला सुरू झालं, आणि तिथनं साधारण ३८ किलोमीटरचा कालवा काढून गंगेचं पाणी भागीरथीत सोडलं. हिवाळ्यात तुमची बोट मुर्शिदाबादपर्यंत जाते त्यात ह्या पाण्याचा मोठा वाटा आहे. आम्ही आयुष्यभर कालवे केले ते शेताला पाणी द्यायला, नदीलाच पाणी द्यायला काढलेला कालवा म्हटल्यावर मला त्याचं फार कौतुक वाटतं. तुमची बोट तिथवर जात नसली तरी तुमच्या बोटीखालचं पाणी तिथनंच आलेलं असणार.

गंगावेस

भावा, बाबांना म्हणावं छाती पुढं काढून फिरा, आपल्या मराठ्यांच्या घोड्यांनी तिथवर धडक मारलेली. गाइडला पण सांगा आम्ही कोल्हापूरचे म्हणून. बंगालचा नवाब चौथ द्यायला तयार झाला ते उगच न्हाई. फोटो टाका आल्यावर. नाद खुळा ट्रिप होणार.

मोडी_वाचक

गंगावेसकर, राग मानू नका पण ह्यात दोन गोष्टी नीट सांगायला पाहिजेत, कारण हे काका इतिहासाचे शिक्षक आहेत आणि तिथं जाऊन ते बोलणार आहेत.

पहिली गोष्ट, बंगालवरच्या त्या स्वाऱ्या नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या. कोल्हापूरच्या गादीचा त्यात हात नाही. त्या वेळी कोल्हापुरात संभाजीराजे होते, वारणेचा तह १७३१ चा, आणि त्यांचं सगळं लक्ष वारणेच्या दक्षिणेला. रघूजींचे दिवाण भास्करराम कोल्हटकर, बंगालात त्यांना भास्कर पंडित म्हणतात, ते १७४२ ला बर्धमानवर आले आणि मग काटव्याला तळ दिला. काटवा म्हणजे तुमच्या बोटीच्या वाटेवरचंच गाव, कालन्याच्या वर. जवळ दाईंहाट आहे, तिथं भास्कर पंडितांनी त्या वर्षी नवरात्रात दुर्गापूजा मांडली आणि पूजा चालू असतानाच बंगालचा नवाब अलिवर्दी खानानं नदी ओलांडून हल्ला केला. पुढं १७४४ ला मानकरा ह्या ठिकाणी तहाच्या बोलणीला बोलावून भास्कर पंडितांना त्यांच्या सरदारांसकट मारलं. स्वाऱ्या तरी थांबल्या नाहीत, शेवटी १७५१ ला तह होऊन वर्षाला १२ लाख चौथ ठरली आणि ओडिशा मराठ्यांच्या हातात आलं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ह्या दहा वर्षांत मार कुणी खाल्ला, तर भागीरथीच्या पश्चिमेच्या गावांनी. पिकं जळाली, घरं लुटली गेली, लोक पोरंबाळं घेऊन नदीच्या पूर्वेला पळाले. कोलकात्याच्या लोकांनी १७४२ ला शहराभोवती खंदक खणायला घेतला, बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली अजून आहे. बंगालातल्या आया लेकरांना झोपवताना बर्गी, म्हणजे मराठ्यांचे घोडेस्वार, आले म्हणून अजून गातात. म्हणजे जिथं हे काका चाललेत तिथल्या घराघरात आपली ओळख ही अशी पोचलेली आहे. त्यामुळं छाती पुढं काढून फिरण्यापेक्षा काकांनी गाइडला विचारावं, तुमच्या घरात बर्गींबद्दल काय सांगतात. मी विचारलेलं. माणसं मनमोकळी बोलतात, कुणी वाईट वागत नाही, उलट महाराष्ट्रातनं आलेला माणूस हे ऐकून घ्यायला बसला ह्याचंच त्यांना अप्रूप वाटतं.

आणि कालन्याचा ह्याच्याशी थेट संबंध आहे. ही देवळं बांधणारं घराणं बर्धमानचं, आणि घोडे आधी घुसले ते बर्धमानच्या मुलखात. वरच्या ताईंनी लालजी मंदिर १७३९ चं सांगितलं, म्हणजे स्वाऱ्या सुरू व्हायच्या ३ वर्षं आधीचं. त्याच आवारात कृष्णचंद्र मंदिर आहे, तेही २५ शिखरांचं, ते १७५१ च्या सुमाराचं, म्हणजे तह झाला त्याच वेळचं. एकाच आवारात, चार पावलांवर, त्या दशकाच्या अलीकडचं आणि पलीकडचं देऊळ उभं आहे. काकांना इतिहास शिकवायचा असेल तर ह्याच्यापेक्षा चांगली जागा सापडणार नाही, तिथं मधे उभं राहून दोन्हीकडं बघायला सांगा त्यांना.

गंगावेस

मोडीवाले, तुम्ही म्हणता ते लोकांच्या हालाचं मला पटतं, गरिबाचं नुकसान कुणी केलं तरी ते नुकसानच. पण मग बोलणीला बोलावून मारलं हे पण तिथं कुणीतरी म्हणायला पाहिजे का नको? एकच बाजू ऐकून परत यायचं हे काय मला पटत न्हाई. आणि एवढ्या लांब घोड्यावर जाणं हे पण काय साधं काम नव्हं.

मोडी_वाचक

म्हणायला पाहिजेच की, जरूर म्हणावं. आणि त्याला जागा पण आहे. क्रूझ मुर्शिदाबादला पोचली की बहुतेक खुशबागला नेतात, नदीच्या पश्चिम काठावर. तिथं अलिवर्दी खानाची कबर आहे आणि त्याच्याजवळच नातू सिराज-उद-दौलाची. प्लासीची लढाई १७५७ ची, म्हणजे तह होऊन जेमतेम ६ वर्षं झालेली. काकांनी मानकरा इथं काय झालं ते तिथं सांगावं, शांतपणे. तुमची बाजू आणि त्यांची बाजू दोन्ही त्या एका बागेत बोलता येतील.

हावडावाली_वहिनी

मी माहेरची इचलकरंजीची, लग्नानंतर इकडंच, त्यामुळं आईंच्या प्रश्नाचं उत्तर मी देते, ते सगळ्यांचं राहूनच गेलंय.

कालन्याची अंबिका म्हणजे सिद्धेश्वरी, कालीचं रूप. आपल्या अंबाबाईसारखी महालक्ष्मी म्हणून पूजा नसते. पण आई आहे ती आईच, तुमच्या आईंना तिथं परकं अजिबात वाटणार नाही. देऊळ बघायला पण सुंदर आहे, दोन बंगाली झोपड्यांची छपरं एकमेकांना जोडल्यासारखी, ह्याला इकडं जोडबांगला म्हणतात. आपल्यासारखी ओटी भरायची रीत इथं नाही, पण साडी, शेंदूर, आलता, लाल जास्वंदीचा हार आणि मिठाई देवीला देतात. तुम्ही घरनं खण-नारळ घेऊन आलात तर पुजाऱ्यांच्या हातात द्या आणि सांगा महाराष्ट्रातनं आणलंय, ते देवीपुढं ठेवतील. मी दिलंय. आपण स्वतः गाभाऱ्यात शिरायचा आग्रह धरायचा नाही.

फक्त वेळेचं बघा. बंगालात दुपारी भोग झाला की देवळाचा दरवाजा बंद, मग एकदम संध्याकाळी. त्यामुळं हे शेवटाला ठेवू नका. मी काय करीन तर बोटीतनं उतरलं की बाबांना ग्रुपबरोबर नवकैलासला पाठवीन आणि तुम्ही आईंना घेऊन टोटोनं आधी सिद्धेश्वरीला जावा, दर्शन करा, मग तिथनं राजबाडीत बाबांना गाठा. टोटोवाल्याला थांबवून घ्या, भाडं आधी ठरवा, हिंदी चालते.

हातमागाची गावं, धात्रीग्राम आणि समुद्रगड, जवळ आहेत खरी, पण तीन तासांत ती धरायला गेलात तर देवळं पण हातची जातील. साडीच पाहिजे तर कोलकात्यात सरकारी तंतुजचं दुकान आहे, तिथं तांताची म्हणजे हातमागाची साडी खात्रीनं मिळते. कालन्यात घ्यायचं ते माखा संदेश. घट्ट वडी नसते ती, मऊ मळलेला छेना, चमच्यानं खायचा. जानेवारीत येताय म्हणजे नोलेन गुडाचा मिळेल, खजुराच्या नव्या गुळाचा, तो सोडू नका. लगेच खायचा, पिशवीत घालून मुर्शिदाबादपर्यंत न्यायचा नाही. चंदननगरला थांबाल तेव्हा जलभरा संदेश घ्या, आत पातळ पाक असतो, पांढऱ्या शर्टावर सांभाळून.

शिवाजीपेठकर

सगळ्यांचे मनापासनं आभार. आत्ता रात्री बाबांना हे सगळं वाचून दाखवलं, १७३९ आणि १७५१ चं ऐकल्यावर ते वही काढूनच बसले. आईनं खण-नारळ काढून ठेवायला सांगितलंय, जायला अजून दोन महिने आहेत तरी. म्हणजे असं ठरवतोय, आई आणि मी आधी सिद्धेश्वरी, बाबा ग्रुपबरोबर नवकैलास, मग तिघं राजबाडीत भेटायचं आणि शेवटी वेळ उरला तर आईला नवकैलासचं बाहेरचं कडं. हातमाग कॅन्सल.

दोन शंका अजून. आईला मधे मधे बसायला लागतं, राजबाडीच्या आवारात बाक वगैरे आहेत का? आणि समजा धुक्यानं थांबाच गेला तर काय करायचं, बाबा फार खट्टू होतील आता.

हावडावाली_वहिनी

थांबा गेला तर क्रूझ संपल्यावर कोलकात्यात एक दिवस जास्त ठेवा. हावडा-काटवा लोकल अंबिका कालन्याला थांबते, साधारण दोन तास लागतात, स्टेशनबाहेर टोटो उभ्याच असतात. सकाळी लवकरची पकडा, ऑफिसच्या वेळेला गर्दी मरणाची असते आणि आईंना उभं राहायला लागेल. खरं सांगू का, थांबा मिळाला तरी तो दिवस ठेवा. बाबांना वही घेऊन एकटं सोडायला पाहिजे तिथं, बोटीची शिट्टी वाजायची वाट न बघता.

खिद्रापूरची_वाट

बाकाच्या भरवशावर राहू नका. आम्ही आमच्या सासूबाईंसाठी फोल्डिंग स्टूल घेऊन गेलेलो, लक्ष्मीपुरीत मिळतं, हलकं आहे, फ्लाइटला चेक-इनच्या बॅगेत जातं. प्रतापेश्वरासमोर ते उघडून बसवलं की खालच्या पट्ट्या बरोबर नजरेसमोर येतात, मी मघाशी म्हटलं ना लोक त्याच सोडतात, त्या सासूबाईंनीच आम्हाला एकेक करून दाखवल्या. आणि मोजे घ्या दोन जोड, चप्पल बाहेर काढायला लागते आणि सकाळी फरशी गार असते. गिरिगोवर्धन विसरू नका, लालजीच्या आवारातच आहे.